फिल्मवरचा पांढरा गोळा

डॉक्टर राजनंदिनींनी एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि गुरुसिद्धप्पांनी मान खाली घातली. त्यांना ती बघायची गरज नव्हती. परवा धाराशिवच्या स्टँडवर परंड्याच्या एसटीची वाट बघताना त्यांनी ती उन्हात धरली होती. डाव्या बाजूला, काळजाला लागून, लिंबाएवढा पांढराशुभ्र गोळा.

तीन आठवडे कोरडा खोकला होता, अंगात बारीक ताप होता. तरी रोज बाजारापर्यंत चालत जाऊन येत होते. शेजारच्या अण्णारावांकडं उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आठवडाभर घेतल्या, गुण आला नाही. वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं सांभाळलेला माणूस. घरी येऊन त्यांनी आरोग्याचा जाड ग्रंथ काढला, गाठीचं प्रकरण वाचलं आणि सगळं जुळलं.

डॉक्टर दोन दिवस बाहेरगावी होत्या. गुरुसिद्धप्पा कुणाला काही बोलले नाहीत. आपल्यामागं कपाटातली पुस्तकं कुणाला द्यायची, याची यादी तेवढी केली. सकाळ-संध्याकाळ इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत. जन्मात कधी काही मागितलं नव्हतं, आता मागितलं. छातीवरचं हे एवढं काढून घे.

"पुस्तकातला एक बी रोग सोडला न्हाय ह्यांनी," शेजारच्या खुर्चीतून त्यांची बायको शरणम्मा डॉक्टरांना म्हणाल्या. "बाळंतरोग तेवढा राह्यलाय."

डॉक्टर हसल्या. फिल्मवर उजवीकडं खाली धुक्यासारखा पट्टा होता, त्यावर त्यांनी पेन टेकवलं. हा न्यूमोनिया, पण सौम्य. यात माणूस हिंडता-फिरता असतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. बहुतेक मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असावा. अण्णारावांच्या गोळ्या जंतूची भिंत पाडतात, आणि या जंतूला भिंतच नसते. मग पाडणार काय? त्यांनी ॲझिथ्रोमायसिन लिहून दिलं. पाच दिवस, रोज एक, बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही.

शरणम्मांनी पदर सावरला, उठल्या. गुरुसिद्धप्पा उठले नाहीत. बाई लहान आहे, मोठं दुखणं सांगायला जीव होत नसेल तिचा, असं त्यांना वाटलं. त्यांनी बोट पांढऱ्या गोळ्यावर ठेवलं.

"आणि हे?"

डॉक्टरांनी एकदा फिल्मकडं पाहिलं, एकदा त्यांच्या सदऱ्याकडं.

"काका, रोगाला इतकी रेखीव कड नसते. एक्स-रेच्या वेळी गळ्यातलं काढायला सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं, आणि हे मशीनवाल्याला सांगायचा धीर झाला नव्हता. ते नुसती मान डोलावून, इष्टलिंगाची गळ्यातली डबी सदऱ्यात आत सरकवून उभे राहिले होते.

गुरुसिद्धप्पांचा हात छातीशी गेला. चांदीची डबी उबदार होती, लिंबाएवढी. दोन दिवस ते तिच्यातल्या देवाला तळहातावर घेऊन त्याच्याकडंच मागत होते, छातीवरचं हे एवढं काढून घे.