म्हसवडच्या रथाचं रीळ

भर दुपारी कोरेगावच्या शाळेत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. भिंतीवर धुतलेलं धोतर ताणून बांधलं होतं. पुढच्या खुर्चीत साखर कारखान्याचे चेअरमन भाऊसो, शेजारी फोटोग्राफर गंगाधरपंत, आणि मागे प्रोजेक्टरपाशी नाथाजी. म्हसवडच्या जत्रेतल्या रथाची फिल्म मुंबईहून धुऊन आली होती. ती भाऊसोंना पटली, तर कारखान्याची फिल्म काढायचं काम पंतांना मिळणार होतं. पंत सकाळपासून जेवले नव्हते.

वीस वर्षं लग्नांचे फोटो काढून पंतांचा हात बसलेला. चावीचा सिनेमा-कॅमेरा त्यांनी एका निवृत्त सुभेदाराकडून घेतला आणि इंग्रजी पुस्तक पुढ्यात ठेवून चार महिन्यांत स्वतःचे स्वतः शिकले. नाथाजी तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवणारा. त्याचा नि पुस्तकाचा संबंध नव्हता. जत्रेत कॅमेऱ्याची पेटी उचलायला म्हणून पंतांनी त्याला बरोबर नेलं होतं.

धोतरावर चित्र उमटलं. कसं स्वच्छ, रेखीव. पानवाला हातात विडा धरून उभा होता. मग पाच जणांचं एक कुटुंब ओळीनं उभं. मग ढोलवाले धनगर, काठ्या ढोलावर टेकवून उभे. कुणी पापणीसुद्धा लववत नव्हतं. पंतांनी सवयीनं प्रत्येकाला आधी नीट लावून घेतलं होतं, हनुवट्या वर करायला लावल्या होत्या आणि ‘हलू नका’ असं बजावून मगच बटण दाबलं होतं. अख्ख्या जत्रेत हलत होती ती एक शेळी.

“फोटू झ्याक हायती,” भाऊसो म्हणाले. “पर पंत, सिनेमा कवा सुरू व्हनार?”

पंतांचे कान तापले. “लोकच तसे हो. कॅमेरा दिसला की खांब होतात,” ते म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. पण हे त्यांना कोण सांगणार?

तेवढ्यात चित्र थोडं थरथरलं आणि एक म्हातारी दिसली. ठेंगणी, गर्दीच्या मागे अडकलेली. खांद्यावर नातू. रथ तिला दिसत नव्हता, नातवाला दिसत होता. ती मान वर करून त्याला काहीतरी विचारत होती, तो हात लांब करून सांगत होता. पोरगं एकदम हसलं. तशी म्हातारीनं ओच्यातलं खोबरं नि गुलाल मूठ भरून त्याच्या बोटाच्या दिशेनं उधळला, आणि न दिसलेल्या देवाला हात जोडले.

भाऊसोंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“माजी आय अशीच हुती,” ते म्हणाले. “पंत, ह्ये कसं सुचलं तुमास्नी?”

पंतांना ते सुचलं नव्हतं. रीळ संपत आलं होतं, पुढची माणसं लावायला ते निघाले होते आणि कॅमेरा नाथाजीला नुसता धरायला दिला होता. “वाईच दाबून बघू का?” असं त्यानं विचारलं, आणि पाठ वळवता वळवता पंत “बघ” म्हणाले होते. एवढंच. चार महिने डोळे फोडून वाचलं कुणी, आणि म्हातारी दिसली कुणाला! पंतांना नाथाजीचा हेवा वाटला. त्याच्या काळ्या बोटांचा, त्याच्या अडाणी डोळ्यांचा हेवा वाटला, आणि आतून असा जळफळाट झाला की बोलताना जीभ अडखळली नाही.

“सुचतं,” ते म्हणाले. “हाताला सवय असते.”

मागे मशीनची घरघर थांबली. धोतर काळं झालं.

“का रं थांबवलंस?” भाऊसोंनी मागे न बघताच विचारलं.

“संपलं जी. म्होरं कोरंच हाय.”

पंतांनी वळून पाहिलं. वरच्या चकतीवर चांगली बोटभर जाडीची फिल्म शिल्लक होती. त्यांच्या लगेच लक्षात आलं. याहून सरस काहीतरी त्यानं काढलंय. ते आज झाकून ठेवणार, आणि उद्या एकटा जाऊन चेअरमनला दाखवणार. बेटा मुका दिसतो, पण आहे बारा गावचं पाणी प्यालेला.

“लाव पुढचं,” पंत म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या की, पंत.”

“माझ्या रिळात काय आहे ते मला ठाऊक नाही होय? लाव म्हणतो ना.”

नाथाजी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मशीन सुरू केलं.

म्हातारी पुन्हा दिसली, हात जोडलेली. तिच्या पलीकडे एक माणूस लोकांना रेटून ओळीत उभं करत होता. एकाची हनुवटी त्यानं दोन बोटांनी वर केली, दुसऱ्याची टोपी सरळ केली. त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

“आवं पंत,” भाऊसो म्हणाले, “ह्ये तर तुमीच.”

धोतरावरच्या पंतांनी वळून समोर पाहिलं. कपाळाला आठी घालून ते चालत पुढे आले, मोठे मोठे होत गेले आणि कॅमेरा परत मागायला त्यांनी हात लांब केला. त्या पंजानं म्हातारी झाकली, रथाचा कळस झाकला, सगळं धोतर झाकलं.

रिळाचं टोक चकतीवर फटफट आपटत राहिलं. भाऊसोंनी खुर्ची उचलून मागे तोंड करून ठेवली.

“नाव काय रं गड्या तुजं?”