पुढची नवरी

"उंच फेक गं, माझं लग्न रखडलंय!" मैत्रीण ओरडली.

वसईच्या चर्चबाहेर पाठमोऱ्या नवरीनं लिलींचा गुच्छ मागे उडवला. ज्या मुलीच्या हाती पडेल, ती पुढची नवरी.

गुच्छ हवेत असतानाच नवरीनं मनोमन बहिणीची माफी मागितली. नवरा मुलगा आधी थोरल्या एलिझासाठी ठरला होता. साखरपुड्यानंतर ती तापानं गेली. तिच्या शवपेटीवरही अशाच लिली होत्या.

हशा विझला. नवरी वळली. सगळ्या मुलींचे हात रिकामे, जमीनही रिकामी.

"कुणी झेलला?"

आई दफनभूमीच्या भिंतीकडे बघत पुटपुटली, "आमची एलिझा उंच होती."

नवरीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"आलो," तिकडेच बघत तो म्हणाला. त्याला कुणीच हाक मारली नव्हती.