लेतोच्या बेटावर

दोर्किसनं खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि गुडघ्यांवर बसली ती उठेचना. तिमारेतेला कळून चुकलं, आता हिला किनाऱ्यापर्यंत नेता यायचं नाही.

देलोसच्या पवित्र बेटावर बाळंत व्हायला मनाई होती. मरायलाही होती. अथेन्सच्या लोकांनी बेट शुद्ध केलं तेव्हा थडगीसुद्धा उकरून पलीकडच्या रेनिया बेटावर नेली होती. दिवस भरत आले की बाया नावेत बसायच्या, मधली खाडी ओलांडायच्या आणि रेनियाच्या झोपड्यांत मोकळ्या व्हायच्या. इथं बाळंतपणाचं रक्त सांडलं तर अख्खं घर बेटावरून हाकललं जायचं. म्हणून एखादी अवेळी अडली तर कळा येत असतानाही तिला उचलून नावेत टाकत. वारा कसाही असो.

तिमारेते दोनदा त्या नावेत बसली होती. पहिल्या खेपेला झोपडीत मूल मेलेलंच निघालं. दुसऱ्या खेपेला आजच्यासारखाच उत्तरेचा वारा होता. मुलगी नावेच्या तळाशी, साचलेल्या खाऱ्या पाण्यात जन्मली आणि काठ लागायच्या आत गेली. त्यानंतर तिला दिवस राहिलेच नाहीत. मग तिच्या नवऱ्यानं, फानियासनं, ही थ्रेसची पोरगी, दोर्किस, घरात आणून ठेवली. पोरीचं पोट दिसू लागलं तसा तो चारचौघांत सांगत सुटला की स्वप्नात खुद्द देवांचा राजा झ्यूस आला होता, मुलगा देतो म्हणाला. नाक्सोसला माल घेऊन जाताना दारावर लावायला ऑलिव्हची फांदीसुद्धा आणून ठेवली त्यानं. मुलगा झाला की लावतात ती. तिमारेतेच्या वेळी त्यानं काहीच आणलं नव्हतं.

पाणवठ्यावर बायांना विषयच मिळाला. झ्यूसची बायको हेरा, सवतींचा छळ करणारी; तेच नाव त्यांनी तिमारेतेला चिकटवलं. "काय हेराबाई, सवतीचं पोट कुठवर आलं?" असं विचारून त्या फिदीफिदी हसत. तिमारेते घागर भरून निमूट परत येई.

आज सकाळी मात्र ती तशी परत आली नाही. ती देवळाचा रखवालदार थर्सोन याच्याकडे गेली आणि आमच्याकडची भरत आलीये, आजच्या आज घेऊन जा म्हणाली. वारा वाढणार हे तिला आभाळ बघूनच कळलं होतं. जेवणं उरकली की नाव घेऊन येतो, असं थर्सोननं सांगितलं. घरी येताना तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

आणि दुपारी दोर्किसचं पाणी गेलं.

"बाई, लेतोला झ्यूसपासून दिवस राहिले, पण हेराच्या धाकानं तिला बाळंत व्हायला कुणी जागा दिली नाही, तेव्हा याच बेटानं दिली ना?" दोर्किस धापा टाकत म्हणाली. "इथंच झाला ना देव? मग मला का नाही?"

"ती देवाची होती," तिमारेते म्हणाली. "आपल्यासाठी नाव आहे."

बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. तुझ्यासाठी, असं म्हणायचं होतं तिला.

वाऱ्यानं कौलं खडखडत होती. खाली खाडी पांढरीफेक झालेली तिला खिडकीतून दिसली. दोर्किसनं खालचा ओठ चावून रक्त काढलं होतं. तिमारेतेनं तिच्या तोंडात फडकं दिलं, वाकून पाहिलं. बाळाचं डोकं दिसू लागलं होतं.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. दोर्किसच्या तोंडातलं फडकं सुटलं आणि ती किंचाळली.

तिमारेतेनं भिंतीवरचा गाढव हाकायचा पट्टा ओढून काढला. केस सोडले. बाहेर आली आणि दार पाठीमागे घट्ट लावून त्यालाच टेकून उभी राहिली. समोर थर्सोन होता, मागे दोन नावाडी.

"वहिनी, कळा सुरू झाल्या का?"

"कसल्या कळा? पाठ सोलतेय तिची." तिनं पट्टा पुढे केला. "अजून दोन महिने अवकाश आहे. सकाळी खोटं बोलले मी, भाऊजी. घरातून जायला हवी होती मला ती."

नावाड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण हसू दाबत म्हणाला की बाया उगाच हेरा म्हणत नाहीत. असल्या वाऱ्यात वल्ही मारायची दोघांचीही इच्छा नव्हती. थर्सोन मात्र हलला नाही. तो बंद दाराकडे बघत राहिला. एकदा आत डोकावतो, म्हणाला, आणि पायरी चढला.

दाराआड मूल रडलं.

रडणं पुरतं फुटायच्या आत तिमारेते पायरीवर कोसळली आणि तिनं हंबरडा फोडला. छाती पिटत, फानियासचं नाव घेत, त्या झ्यूसचं नाव घेत, आपल्या रिकाम्या पोटाला शिव्या देत ती ओरडत सुटली. शेजारच्या अंगणातली कुत्री भुंकू लागली. पायरीवर लोळणाऱ्या परक्या बाईपुढे काय करावं, ते थर्सोनला कळेना. तो दोन पावलं मागे सरला, पोरीला जिवानिशी मारू नका एवढं पुटपुटला आणि नावाड्यांना घेऊन खाली उतरून गेला.

तिमारेते ओरडतच होती. आता तोंडातून फानियास येत नव्हता, झ्यूसही नाही. खाडीतल्या त्या मुलीला हाक मारायची होती, पण तिला नाव द्यायची वेळच आली नव्हती.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. फटीत दोर्किसचा पांढराफटक चेहरा होता, छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी हलत होतं.

"बाई, गेले ते," ती कुजबुजली. "आता पुरे करा."

तिमारेतेनं मान हलवली. पण तिला थांबता येईना.