साडूचा कॅम्पर

"बंगला तुमचा, पण ओढणार आम्हीच," कॅम्पर आपल्या जुन्या पिकअपला जोडत मुकुंदराव साडूला म्हणाले. पलंग, ओटा, संडाससुद्धा असलेलं ते चाकांवरचं घर त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. साडूच्या नव्या गाडीला ते ओढवेना, एवढंच काय ते सुख.

घाट लागताच बायको "इथे उकडतंय" म्हणत साडूच्या गार गाडीत जाऊन बसली. चढावर पिकअप तापली. साडूचा फोन आला, "झेपत नसेल तर थांबू या."

"झेपतंय की!" म्हणत मुकुंदरावांनी इंजिनाची उष्णता खेचून घ्यायला भर मे महिन्यात केबिनमधला हीटर लावला.

माथ्यावर ते घामाने निथळत उतरले. बायको धावत आली आणि त्यांना ओलांडून कॅम्परवर हात फिरवत म्हणाली, "भाऊजी, किती हलकं घेतलंत हो घर! आमच्या खटाऱ्यानंसुद्धा ओढलं."