सुनंदाची पत्रं

“अगदी पहिल्यापासून वाच गं,” म्हणत सुमतीबाईंनी पत्रांचा गठ्ठा मृणालच्या हातात दिला. रसायनशास्त्राच्या या निवृत्त शिक्षिकेला आता अक्षरं दिसत नव्हती.

मृणाल विद्यापीठाच्या विज्ञान शाखेसाठी देणगीदार सांभाळायची. बाईंच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी सुनंदा पावरा पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून गावी गेली. शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलीला मिळाली, पण बाईंचा जीव सुनंदात गुंतलेला. त्या नाराज होऊन देणगी थांबवतील या धास्तीने मृणालने त्यांना काही कळवलंच नाही. उलट सुनंदाच्या नावाने पत्रं लिहीत राहिली.

‘आज एका थेंबासरशी द्रावण गुलाबी झालं,’ या ओळीवर बाई खुदकन हसल्या, तेव्हा मृणालला पुढे वाचवेना.

“बाई, ही पत्रं मी लिहिलीत,” ती म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून बसली. बाईंनी एवढंच विचारलं, “पण ती का गेली गं?”

दोन वर्षांत मृणालने सुनंदाच्या नावाने बावीस पत्रं लिहिली होती, पण सुनंदाला एकदाही फोन केला नव्हता.