तिसऱ्यांदा मागितलं तर

‘कुणी जिंकलं असेल तर या म्हाताऱ्यालाही थोडं लाल खाऊ द्या.’

वाक्य पडद्यावर उमटलं आणि पेइशानचा हात थबकला.

वाक्यात नवीन काही नव्हतं. जिंकणाऱ्यानं आजूबाजूच्यांना चार पैसे वाटायचे, याला ‘लाल खाणं’ म्हणायचं, हे तैवानमधल्या तायचुंग शहरात माजाँग या सोंगट्यांच्या खेळाच्या कुठल्याही टेबलावर चालतं. पण पेइशान सांभाळत होती ती ऑनलाइन जुगाराची गप्पांची खोली, आणि तिथं या रीतीची भीक झाली होती. कुणी जिंकलं की सगळे त्याच्यापुढे हात पसरत. म्हणून तिनं नियम लिहिला होता. मागितलं तर पहिल्या दोन वेळा समज. तिसऱ्यांदा खातं कायमचं बंद, तेही ओळखपत्राच्या क्रमांकासकट. मग दुसऱ्या नावानंसुद्धा परत येता येणार नाही.

तिला धक्का बसला तो मागणाऱ्याच्या नावाचा. मागणारा होता ‘जुना चहा’.

‘जुना चहा’ म्हणजे लुगूच्या डोंगरात चहा भाजणारे वेई आ-बो. खोलीतले सगळेच त्यांना आ-बो, म्हणजे काका, म्हणत. कुणाचं तान्हं मूल रडायचं थांबत नसेल, कुणाचं बायकोशी बिनसलं असेल, आ-बो हातातला डाव सोडून उत्तर लिहीत. त्यांच्याकडे पाहूनच पेइशानला तिची योजना सुचली होती. कंपनीचं बक्षिसाच्या पैशांचं लाल पाकीट मागणाऱ्याला नाही, बोलणाऱ्याला द्यायचं. आणि तेही ओळी मोजून नाही. ओळी मोजल्या तर लोक नुसतं ‘हा हा’ लिहीत बसतात, हे तिनं पाहिलं होतं. ज्याच्या बोलण्याला दुसरे उत्तर देतात, पाकीट त्याला. संख्याशास्त्र शिकलेल्या पेइशाननं त्याचं सूत्रही नीट मांडलं होतं.

तिनं आ-बोंची ओळ पुसली. नावापुढे आपोआप पडलेली समजेची खूणही ‘चुकून’ असं कारण देऊन काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आ-बोंनी पुन्हा लिहिलं, ‘द्या हो कुणीतरी. लाज सोडून मागतोय.’

या वेळी जिआनच्या नजरेतून ते सुटलं नाही. सगळ्या खोल्या त्याच्या हाताखाली होत्या.

“काय गं, तुझा आदर्श विद्यार्थी कटोरा घेऊन बसला की!”

“चेष्टा करताहेत ते.”

“असं? मग आपल्याकडे चेष्टेला वेगळा नियम आहे का?”

“जिआन, या माणसामुळे ही खोली चालते.”

“ते मला नको सांगू. सोमवारी तुझी योजना वरच्यांपुढे ठेवायची आहे. पाकिटं वाटून भीक थांबते, असं तू छातीठोकपणे लिहिलंयस. आणि तुझा पहिल्या नंबरचा माणूसच भीक मागतोय. सांभाळ बाई.”

“सांभाळते,” पेइशान म्हणाली. तिनं ही खूणही काढली.

माणसं अशी सांभाळणं तिला जमत होतं. आ-बो यापूर्वी दोनदा निरोप घ्यायला निघाले होते. डोळे दुखतात, कंटाळा आला, असं काहीबाही कारण देऊन. दोन्ही वेळा तिनं स्वतः फोन केला, लुगूच्या धुक्याच्या गप्पा काढल्या, आणि ‘तुमच्यावाचून खोली सुनी वाटते’ म्हणत जाडसं पाकीट पाठवलं. दोन्ही वेळा आ-बो त्याच संध्याकाळी टेबलावर परत आले.

तिनं त्यांना खाजगी निरोप लिहिला. ‘आ-बो, नियम माहीत आहे ना?’

‘तोंडपाठ आहे. छान लिहिलायस. कुठं फट ठेवली नाहीस.’

‘मग असं का करता?’

‘तू तुझं काम कर, पोरी.’

माणूस मानी होता. अडचण असणार, आणि ती तोंडानं सांगवत नसणार. पेइशाननं त्यांच्या जुन्या गप्पांना आलेली उत्तरं पुन्हा तपासली, सूत्रात बसवली आणि हक्कानं त्यांच्या नावावर निघेल असं पाकीट काढलं. उपकार नाही, कमाई. आ-बोंनी आभार मानले नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत पाकिटातलं सगळं टेबलावर गेलं.

शनिवारी सकाळी खोली गजबजलेली असताना त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मी भीक मागतोय. सगळ्यांनी नीट वाचा.’

पेइशाननं ओळ पुसली, खूण काढली, आणि जिआन जागेवर नाही हे पाहून थेट फोन लावला.

“आ-बो, मी बोलतेय.”

“वाटलंच मला.”

“हे पाहा, जेवढं पुसता येतं तेवढं मी पुसतेय. पण जिआननं पाहिलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. पैशाची नड आहे का? भट्टी बंद आहे का सध्या?”

“भट्टी विकली.”

“कधी?”

“थंडीच्या चहाची खुडणी व्हायच्या आधी. बायको माहेरी गेली, त्याच्या आधी.” आ-बो अगदी शांतपणे बोलत होते, जणू भाजणीची आच सांगत होते. “तू फार चांगली आहेस, पोरी. तेच अवघड झालंय.”

“चांगली-बिंगली राहू द्या. भट्टी गेली, आता ही खोलीही जायला नको. तिथं तुमची माणसं आहेत. मी तुमच्या नावापुढे एक खूणसुद्धा राहू देणार नाही. माझी नोकरी गेली तरी चालेल. तुम्हाला बाहेर जाऊ देणार नाही म्हणजे नाही.”

“दोनदा सरळ दारानं निघालो, तर दोन्ही वेळा पाकीट घेऊन तूच आडवी आलीस,” आ-बो म्हणाले. “म्हणून मागायला लागलो. आज तिसऱ्यांदा मागितलंय, पोरी. या वेळी तरी मोज.”