पाहुण्यांचा कोपरा

"डेससाठी मौन नको, बाई. टाळ्या ठेवू या," फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी पिकपसाहेब खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानाकडे बघत म्हणाले. "टाळ्यांच्या आवाजात शिव्या बुडून जातात. हल्ली सगळीकडे असंच करतात."

"माझ्या नवऱ्यानं जन्मभर टाळ्याच ऐकल्या," एड्ना ऑर्मरॉड म्हणाली. "एक मिनिट गप्प बसा म्हटलं तर एवढं काय जड जातंय?"

मुलगी लिंडसेनं तिचा दंड घट्ट धरला. म्हातारी हट्टाला पेटली की परमेश्वराचंही ऐकत नसे. आणि भीती काय आपल्या लोकांची थोडीच होती! भीती होती ती कोपऱ्यातल्या पाहुण्यांची, समोरच्या संघामागे कॉर्नशॉहून आलेल्या तीन हजार लोकांची. डेस त्यांच्याच गल्लीत जन्मला, त्यांच्याच क्लबात वाढला आणि ऐन विशीत इकडच्या क्लबात आला. इथून तो इंग्लंडकडून खेळला, कप उचलला, कॉर्नशॉवर गोलांमागून गोल चढवले. त्याच्या पायाला चेंडू लागला रे लागला की त्या कोपऱ्यातून एकच ओरडा उठायचा, 'गद्दार!' बूट खुंटीला टांगले, केस गेले, गुडघे गेले. तरी तो प्रेक्षकांत येऊन बसला की ओरडा चालूच. आजही तसंच झालं तर आई कोसळेल, हीच लिंडसेची धास्ती होती.

शेवटी मौनच ठरलं. दोघी मैदानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. दंडाला काळ्या फिती बांधलेल्या खेळाडूंनी खांद्याला खांदा लावला. पंचांनी शिट्टी फुंकली.

सगळं मैदान चिडीचूप झालं. लिंडसेचे डोळे त्या कोपऱ्यावर खिळले. तिथं पुढच्याच रांगेत एक आडदांड गडी उभा होता. मान वर, तोंड उघडं. आता हा बोंबलणार! मेल्या, आज तरी नको रे, ती मनातल्या मनात विनवू लागली. गड्यानं छाती भरून श्वास घेतला. मग डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि मान खाली घातली. मागच्यांनीही टोप्या काढल्या.

पुन्हा शिट्टी झाली आणि मैदान गर्जून उठलं. लिंडसेचा जीव भांड्यात पडला.

"बघितलंस, आई? हूं की चूं नाही कुणी केलं! तुझंच खरं झालं."

एड्ना अजून त्या कोपऱ्याकडेच बघत होती. कबरीपाशीसुद्धा जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती आता हमसून हमसून रडत होती.

"एकानं तरी शिवी घालायची गं," ती म्हणाली. "आता खरंच गेला तो."